दाढी लावलेली राणी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



इजिप्तची राणी म्हटलं की आपल्याला क्लिओपात्रा आठवते. तिचं रूप, तिचे प्रियकर. पण तिच्या सुमारे चौदाशे वर्षं आधी त्याच देशावर हॅटशेपसूट नावाच्या बाईने वीसेक वर्षं राज्य केलं, हे फारसं कुणी सांगत नाही.

ती पहिल्या थुतमोस राजाची मुलगी आणि दुसऱ्या थुतमोसची पत्नी. नवरा वारला तेव्हा गादीचा वारस, म्हणजे सवतीचा मुलगा तिसरा थुतमोस, लहान होता. त्याच्या नावाने ती कारभार पाहू लागली. यात नवं काही नव्हतं. पण काही वर्षांतच तिने स्वतःलाच राजा म्हणवलं. इथे अडचण आली, कारण राजा ही कल्पनाच पुरुषाची! म्हणून पुतळ्यांत तिने राजाचा पोशाख आणि खोटी दाढी चढवली. लेखांत मात्र स्त्रीलिंगी शब्द राहिले. १८२९ साली फ्रेंच विद्वान शांपोलियाँ देर अल-बहारीच्या मंदिरात ते वाचून चक्रावला : राजा दाढीवाला आणि शब्द बाईचे!

हे मंदिर तिनेच बांधवलं. तिच्या माणसांनी पुंत देशाहून जहाजांतून मुळांसकट आणलेली सुगंधी डिंकाची झाडं त्याच्या भिंतींवर कोरलेली आहेत. कर्नाकला तिने उभारलेला एकसंध दगडाचा, जवळजवळ ३० मीटर उंच स्तंभ आजही उभा आहे.

तिच्या मृत्यूनंतर तिचं नाव छिन्नीने खरवडलं गेलं, पुतळे फुटले. इतिहासकारांनी लगेच ओळखीची गोष्ट रचली : सत्तेला हपापलेली सावत्र आई आणि सूड घेणारा मुलगा. पण खाडाखोड सुरू झाली ती तिच्या मृत्यूनंतर सुमारे वीस वर्षांनी, हे नंतर लक्षात आलं. इतक्या उशिरा कसला राग? राजांच्या मालिकेत बाईचा दाखला नको, वारसाहक्क निर्वेध राहावा, हे कारण अनेक अभ्यासकांना जास्त पटतं. पुतळे फोडण्यामागे बऱ्याच अंशी धार्मिक रीत असावी, असं २०२५ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतं. म्हणजे 'दुष्ट सावत्र आई' ही दगडावर कोरलेली नव्हती, ती लिहिणाऱ्यांच्या डोक्यात होती.

मात्र तिला आपण देव्हाऱ्यातही बसवू नये. आमोन देवच आपला पिता, अशी कथा तिने मंदिरावर कोरवली. राजपदाची चौकट तिने मोडली नाही, त्या चौकटीत स्वतःला बसवलं. तिच्यानंतर गादी पुन्हा पुरुषांकडेच गेली. एक बाई सत्तेवर बसली म्हणून बायकांच्या हाती सत्ता येत नाही, हे आपण विसरून चालणार नाही.

तिच्याकडे दगड होते, म्हणून खोडूनही ती उरली. ज्यांच्याकडे दगड नाहीत, त्यांचं काय? आपल्या मोर्चाला भाकऱ्या बांधून येणाऱ्या बाईचं नाव आपल्या अहवालात असतं का? सुरुवात तिथूनच करू या.