नाल ठोकण्याआधी खूर पाहा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलून झाले, कर्जावरही बोलून झाले. आता थोडा वेळ बैलाच्या पायाखाली काय चालले आहे ते पाहू. हसू नका. मृगाचा पाऊस पडला, वाफसा आला आणि जोडीतला एक बैल लंगडायला लागला, की तिफण जागेवर राहते. मग ट्रॅक्टरवाला सांगेल तो भाव मुकाट्याने द्यायचा. पूर्वी असा बैल बाजारात नेऊन, पदरचे थोडे घालून दुसरा आणता यायचा. २०१५ साली आपल्या राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, आणि लंगड्या बैलाचे गिऱ्हाईकच गेले. आता तो दावणीला बांधून पोसायचा आणि वर दुसरा विकत घ्यायचा. म्हणून पाय जपणे हा हिशेबाचा भाग आहे.

आपल्याकडे बैलाचा पाय दुखला की पहिला सल्ला ठरलेला, ‘नाल मारून घ्या.’ हा सल्ला निम्मा बरोबर आहे. वाकडे वाढलेले खूर नालाने सरळ होत नाही. खूर सरळ होते ते तासल्याने. नाल फक्त तासलेला आकार टिकवतो. वाकड्या खुरावर नाल ठोकला, तर वाकडेपणाच पक्का होतो.

घोड्याचे खूर अखंड, म्हणून त्याला चार नाल. बैलाचे खूर दुभंगलेले, म्हणून त्याला आठ. खुराच्या एकेका अर्ध्या भागाला मी नखी म्हणतो. बैलाचा भार या दोन नख्यांवर वाटला जातो, पण वाटणी सारखी नसते. मागच्या पायात बाहेरच्या नखीवर जास्त भार येतो आणि तीच जास्त वाढते. वाढली की आणखी भार तिच्यावरच. शेवटी दुखते ती तीच नखी. दोन्ही नख्या एका पातळीत आणणे हे नालबंदाचे पहिले काम, खिळा त्यानंतर.

दुसरी गोष्ट पुढच्या टोकाची. बैलाचे खूर महिन्याला साधारण पाच मिलिमीटर वाढते. अनवाणी बैलाचे ते चालता चालता झिजते. नालाखालचे झिजत नाही, ते वाढतच राहते. दोन महिन्यांत सेंटीमीटरभर टोक पुढे जाते, टाच खाली बसते, आणि पायामागच्या शिरेवर सारा ताण येतो. घोड्यातही हेच घडते. म्हणून घोडा पाळणारा जाणता माणूस नाल झिजण्याची वाट पाहत नाही. सहा ते आठ आठवड्यांनी तो काढतो, खूर तासतो आणि तोच नाल चांगला असेल तर पुन्हा बसवतो. आपण मात्र नाल गळून पडेपर्यंत थांबतो, आणि ‘चांगला टिकला’ म्हणून खूश होतो.

तेव्हा नालबंदाकडे जाण्याआधी दोन मिनिटे काढा. बैल सपाट, टणक जागेवर उभा करा आणि मागून पाहा. दोन्ही नख्या एकदम टेकतात की एक आधी? मग बाजूने पाहा. खुराच्या वरचे हाड ज्या उतारात येते, त्याच उतारात खुराची पुढची बाजू खाली गेली पाहिजे. मध्येच रेघ मोडत असेल तर टोक वाढलेले आहे. जुने नाल फेकू नका. कोणती कड जास्त झिजली ते पाहा, भार कुठे पडतो ते तिथे लिहिलेले असते.

तासताना टोक कमी करायचे, टाच वाचवायची. तळवा अंगठ्याने दाबल्यावर दबू लागला तर फार तासले गेले, हात थांबवा. तळाला कडेने एक फिकट रेघ दिसते. तिच्या आत जिवंत भाग. खिळा रेघेच्या बाहेर बसून खुराच्या भिंतीतून वर निघाला पाहिजे. बैलाची ही भिंत घोड्यापेक्षा पातळ असते, म्हणून घाई चालत नाही. खिळा बसताना बैलाने पाय जोरात झटकला तर तो तसाच पुढे ठोकू देऊ नका. काढून भोकात आयोडीन सोडा आणि तो पाय काही दिवस नजरेखाली ठेवा.

नाल हवाच का, हेही विचारा. मुरमाड बरड आणि डांबरी सडक असेल तर हवा. काळ्या जमिनीत वखर-डवरा ओढणाऱ्या आणि मातीच्या धुऱ्यावरून घरी येणाऱ्या बैलाला पुष्कळदा नुसते तासणे पुरते. आणि एक नखी आतून दुखत असेल, तर जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या, निरोगी नखीखाली लाकडी ठोकळा चिकटवतात. दुखरी नखी अधांतरी राहते, तिला विसावा मिळतो. तिथे दुखऱ्या नखीवर नाल ठोकणे म्हणजे जखमेवर जोडा चढवणे. ज्वारीच्या राशीवर तुटून पडलेला बैल पुढे लंगडू लागला तरी ते दुखणे पोटातून खुरात उतरलेले असते. लाळ्या-खुरकतात फुटलेल्या पायाचेही तसेच. दोन्हीकडे डॉक्टर आधी.

आता आपल्याच पदरातला दोष. आपण पैसे मोजतो नालाचे, आठ नालांचे इतके. तासण्याचे वेगळे कुणी देत नाही. मग नालबंद तासण्यात वेळ का घालवील? मालाला भाव मिळाला नाही तर पिकवणारा चांगला माल का आणील, असे आपण इथेच विचारतो. तोच न्याय त्याला लावा. आठवडी बाजारात बसणारे हे कारागीर आधीच कमी उरले आहेत. तासण्याची मजुरी आधी ठरवा, नालाची नंतर, आणि नाल न मारता नुसते तासून द्यायला सांगितले तरी ती मजुरी पुरी द्या.

हे काम पेरणीच्या तोंडावर काढू नका. मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकले की बैलाला नव्या पायाची सवय व्हायला वेळ मिळतो. उन्हाळ्यात खूर दगडासारखे होते, तेव्हा आदल्या संध्याकाळी ओल्या चिखलात थोडा वेळ उभे करा. सकाळी वैरण देऊ नका, भरल्या पोटी पाडलेल्या बैलाचे पोट फुगते. पाडायची जागा मऊ आणि सावलीची पाहा, आणि काम झाले की लगेच दोर सोडून त्याला उठवा.