चाकांवरचे बिऱ्हाड

ऑस्ट्रेलियात लोक मोटारीमागे चाकांचे घर जोडून सहकुटुंब गावोगाव हिंडतात. आम्हांस त्यावरून रामाकोन्याहून पचमढीला जाणारी महादेवाची यात्रा आठवते. बंडीवर तट्ट्याचे छप्पर, आत पीठ, कडबा आणि चौरागडावर वाहावयाचा त्रिशूळ. छिंदवाड्यापर्यंत तेव्हा छोटी रेल्वे होती (२०१५ साली ती बंद झाली), पण बैलांना तिकीट कोण देणार?

सिल्लेवानीच्या घाटात आम्ही पोरे चाकामागे दगड लावीत असू. बैलांची दया येऊन आजी घाटभर पायी चालली, आणि चौरागडाच्या १३०० हून अधिक पायऱ्यांपाशी तिचे गुडघेच थकले. त्रिशूळ आम्ही वर नेला. उतरताच तिने विचारले, "नीट रोवला ना रे पोरांनो?"

घाईत तो आम्ही नुसता टेकवून आलो होतो. आम्ही "हो" म्हणालो.