आधी वाचा, मग लाल पेन काढा

(रानशेत येथे युवकांसमोर केलेले भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, शिक्षक नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत लिहायला कुणी शिकवलं नाही. नोकरीत साधा ई-मेल लिहितानाही घाम फुटायचा. इथल्या कॉलेजच्या मुलांसाठी रविवारचा लेखनवर्ग सुरू केला तेव्हा वाटलं, आपल्याला येतं ते सांगायचं, झालं.

पहिल्याच महिन्यात एका मुलीनं पानभर लिहून आणलं. विषय होता, चिकूच्या वाडीत आईची मजुरी. तिच्या घरी वारली बोलतात. मी लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ, न-ण अशा एकतीस चुका दाखवल्या. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग लक्षात आलं, तिच्या चुका मला आठवत होत्या, पण तिनं लिहिलं काय होतं, ते आठवत नव्हतं.

हे मला तरी कळायला हवं होतं. आमच्या घरी उर्दूमिश्रित बोलतात. पाचवीत माझ्या एका मराठी वाक्यावर अख्खा वर्ग हसला. त्यानंतर वर्षभर मी हात वर केला नाही.

इथून जवळच कोसबाडची टेकडी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. पाड्यावरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी मुलांना दोष दिला नाही. बालवाडीच पाड्याच्या अंगणात नेली. मुलं गुरं चारायला जात, तर कुरणात शाळा भरवली. खडे, शिंपले, पानं हेच शिकवण्याचं साहित्य. मूल जिथं आहे तिथून सुरुवात. कॉलेजच्या मुलांनाही हेच लागू आहे, हे मला उशिरा समजलं.

मी त्या मुलीच्या पाड्यावर गेलो, माफी मागितली आणि एकच प्रश्न विचारला, "आई घरी किती वाजता येते?" पुढच्या रविवारी ती दोन पानं घेऊन आली.

आता वर्गाची रीत बदलली आहे. पहिल्या वाचनात पेन हातात घ्यायचा नाही. मला काय समजलं ते एका वाक्यात सांगायचं, एक प्रश्न विचारायचा. मुलं पुन्हा लिहितात. मग एकाच प्रकारची चूक घ्यायची. बाकीच्या पुढच्या वेळी. शुद्धलेखन हवंच, पण शेवटी. आम्हीही कोड तपासताना आधी तो काय करतो ते बघतो, मांडणी नंतर.

दोस्तांनो, वनहक्काचा दावा, माहितीचा अर्ज, रखडलेल्या शिष्यवृत्तीची तक्रार, सगळं लिहूनच द्यावं लागतं. लिहायला घाबरणाऱ्याचं म्हणणं दुसराच कुणीतरी मांडतो, आणि तो आपल्या सोयीनं मांडतो. तुमच्या मोहल्ल्यात, पाड्यावर असं एखादं पोर असेल. त्याचं एक पान मागून घ्या आणि आधी नुसतं वाचा.