अनुभवाची किंमत कोणी मोजायची?

(वडवणी येथे पदवीधर तरुणांच्या बैठकीत केलेले भाषण)



पर्यावरणाचे काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांत पदवीधरांनी काही महिने काम करावे, अनुभव मिळवावा आणि त्या बळावर पुढे नोकरी मिळवावी, ही कल्पना सध्या मोठ्या उत्साहाने मांडली जात आहे. तिच्यावर बोलण्यासाठी आपण मला बोलावले आहे. नोकरीसाठी अर्ज करावा तर अनुभव विचारतात आणि अनुभव घ्यायला जावे तर आधी कोठे काम केले ते विचारतात, ही कोंडी तुमच्या रोजच्या परिचयाची आहे. तिच्यातून बाहेर पडण्याची एक वाट म्हणून या कल्पनेत तथ्य आहे, हे मी आरंभीच मान्य करतो. परंतु कोणत्याही योजनेला अर्थशास्त्राने पहिला प्रश्न विचारायचा असतो तो असा : खर्च कोणाच्या अंगावर पडतो आणि लाभ कोणाच्या पदरात पडतो? हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सभागृहात विचारणे वेगळे आणि वडवणीत विचारणे वेगळे.

बालाघाटाच्या डोंगररांगांलगतचा हा तालुका. पाऊस बेभरवशाचा, माळरानाची जमीन हलकी आणि कारखानदारी नावापुरतीसुद्धा नाही. दिवाळीच्या सुमारास गावेच्या गावे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल आणि ती फिटेपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावरचे राहणे, हे येथले अर्थशास्त्र आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या पदवीचे शुल्क याच उचलीतून भरले गेले आहे. अशा घरातील मुलाला किंवा मुलीला ‘सहा महिने विनावेतन काम कर, अनुभव मिळेल’ असे सांगणे म्हणजे काय? त्या सहा महिन्यांत त्याने घरासाठी जे कमावले असते ते सोडून दे, असे सांगणे. याला अर्थशास्त्रात संधी-खर्च म्हणतात. नोकरदार घरातील मुलाचा हा खर्च त्याचे वडील आपल्या पगारातून निमूटपणे भरून काढतात. ऊसतोड कामगाराच्या घरात तो पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवला जातो. म्हणून विनावेतन अनुभवाचे प्रमाणपत्र हे पुष्कळदा वडिलांच्या उत्पन्नाचेच प्रमाणपत्र असते. ते पाहून जो नोकरी देतो, तो गुणवत्तेच्या नावाखाली ऐपतीची निवड करीत असतो.

यावर कोणी म्हणेल की, तुम्ही समाजवादी लोकच श्रमदानाचे गोडवे गात आलात, मग आज वेतनाचा प्रश्न का काढता? आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर दिले पाहिजे. राष्ट्र सेवा दलाने १९४१पासून तरुणांच्या हाती कुदळ-फावडे दिले. बाबा आमटे यांनी सोमनाथला श्रमसंस्कार छावणी भरवली. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. अलीकडे २०१६ साली पानी फाउंडेशनने पाण्याच्या कामांची स्पर्धा पहिल्यांदा भरवली तेव्हा निवडलेल्या तीन तालुक्यांत आपल्या जिल्ह्यातील अंबाजोगाई होता. फेब्रुवारी २०२०मध्ये बीडजवळच्या पालवणच्या डोंगरावर सह्याद्री देवराई या संस्थेने वृक्षसंमेलन भरवले. या साऱ्या प्रयत्नांविषयी मला आदर आहे. परंतु दान देण्यासाठी आधी जवळ काही शिल्लक असावे लागते. महाराष्ट्रदिनी शहरातून येऊन दिवसभर चर खणणारा आपला सुटीचा दिवस देतो आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत रुजू होतो. जो तरुण सहा महिने, ठरलेल्या वेळी, ठरलेले काम करतो, त्याचा अहवाल देतो आणि चुकला तर बोलणी खातो, तो नोकरी करीत असतो. नोकरीला श्रमदान म्हटल्याने तिचे स्वरूप बदलत नाही, फक्त मजुरी चुकवता येते.

या प्रश्नाला दुसरी बाजू आहे आणि ती मला अधिक चिंतेची वाटते. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्राला एक मोठा धडा दिला. मे १९७३मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. वि. स. पागे यांनी ज्या कल्पनेचा पाठपुरावा केला ती रोजगार हमी १९७७ साली कायद्यात उतरली आणि २६ जानेवारी १९७९पासून तो कायदा अमलात आला. तिच्यासाठी पैसा उभा करताना शहरातील पगारदारांवर व्यवसाय कर बसवण्यात आला. दुष्काळी मुलखातील माती आणि पाणी राखणे हे साऱ्या समाजाचे काम आहे, तेव्हा त्याची मजुरी साऱ्या समाजाने द्यावी, हे तत्त्व त्यामागे होते. २००५च्या केंद्रीय कायद्याने ते देशभर नेले. डिसेंबर २०२५मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. दिवस १००चे १२५ झाले, पण बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकण्यात आला.

आता विचार करा. डोंगरउतारावरचा जो सलग समतल चर हजेरीपटावरील मजुरांनी खणला तर त्याची मजुरी द्यावी लागते, तोच चर ‘अनुभवासाठी’ आलेल्या पदवीधरांनी फुकट खणून दिला, तर मजुरी कोणाची बुडाली? ती याच गावातील भूमिहीन बाईची बुडाली. कदाचित ती त्याच पदवीधराची आई असेल. राज्याच्या तिजोरीवर भार वाढत असताना फुकट हातांचा मोह वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको. मुलाच्या विनावेतन अनुभवाने आईचा रोजगार कापला जाऊ नये, ही या विषयातील पहिली मर्यादा आपण आखून घेतली पाहिजे.

मग पदवीधराने करायचे काय? काम पुष्कळ आहे आणि ते शिकलेल्या माणसाचेच आहे. उतारावर समपातळी रेषा आखणे, बंधाऱ्याची मापे काढणे, पर्जन्यमापकाची रोज आणि विहिरींच्या पातळीची दरमहा नोंद ठेवणे, ही कामे वरकरणी क्षुल्लक दिसतात. परंतु हिवरे बाजारसारख्या गावाने पाण्याचा ताळेबंद मांडला आणि त्यावरून पिके ठरवली, ती अशाच नोंदींच्या आधारावर. राज्याने २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचे लक्ष्य जाहीर केले होते. लावताना छायाचित्रे निघाली. किती झाडे जगली या प्रश्नावरून पुढे २०२१मध्ये विधिमंडळात चौकशी समितीची घोषणा करावी लागली. गावोगाव झाडे मोजणारी, नोंद ठेवणारी प्रशिक्षित मुले असती तर हा प्रश्न विधिमंडळापर्यंत जाण्याचे कारण नव्हते. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका वाचता आली, तर तो मजूर बाईला सांगू शकेल की, तुमचे खोदकाम इतके घनमीटर झाले आणि मजुरी इतकी कमी लागली आहे. असा अनुभव त्याला घडवील आणि गावालाही उपयोगी पडेल.

त्याने आणखी एक प्रश्न विचारायला शिकले पाहिजे. अडवलेले पाणी कोणाच्या विहिरीत उतरते? माथ्यावर खणणारा बहुधा भूमिहीन असतो आणि पायथ्याशी विहीर असलेला बागाईतदार होतो. १९७२च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथून पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातील माणसांवर ठरवला, भूमिहीनांचाही हक्क मानला आणि उसाला मज्जाव केला. पर्यावरणाचे शिक्षण घेणाऱ्याला झाडांची नावे पाठ असतील आणि ही वाटणी ठाऊक नसेल, तर ते शिक्षण अपुरे आहे.

शिकणाऱ्याला वेतन द्यावे हे तत्त्व सरकारला नवे नाही. १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याने विद्यावेतन ही मालकाची जबाबदारी ठरवली. जुलै २०२४मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी उत्तीर्णांना ६ हजार, आयटीआय आणि पदविकाधारकांना ८ हजार, तर पदवीधरांना १० हजार रुपये मासिक विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिने झाली. मुदत संपताच हीच मुले ‘आता पुढे काय?’ असे विचारीत आंदोलनाला उतरली. तेव्हा नुसते विद्यावेतन देऊन भागत नाही. शिकवणारा कोण, शिकवले काय आणि शिकल्यावर जागा कोठे, यांची उत्तरे आधी ठरली पाहिजेत. अंबाजोगाईला डॉ. द्वारकादास लोहिया यांनी १९८२ साली मानवलोक संस्था उभी केली आणि पुढे समाजकार्याचे महाविद्यालयही चालवले. समाजकार्याच्या शिक्षणात क्षेत्रकार्य हा पदवीचाच भाग असतो आणि विद्यार्थ्यावर मार्गदर्शकाची देखरेख असते. शिकण्यासाठीचे काम आणि राबवून घेण्यासाठीचे काम यांतील भेद अशा पद्धतीत सांभाळता येतो.

म्हणून माझ्या पाच सूचना आहेत. पहिली, पूर्णवेळ काम करणाऱ्या पदवीधराला किमान वेतनापेक्षा कमी विद्यावेतन कोणत्याही संस्थेने देऊ नये. दुसरी, हजेरीपटावरील मजुराचे काम त्याच्याकडून करून घेऊ नये. तिसरी, कामाचे तास, मार्गदर्शक आणि शिकवायचे कौशल्य यांचा लेखी करार असावा आणि प्रमाणपत्रात गुळमुळीत स्तुतीऐवजी केलेल्या कामाची मोजमापे असावीत. ती ग्रामसभेपुढे वाचून दाखवावीत. चौथी, तालुक्यातील कामात तालुक्यातील मुलांना, विशेषतः ऊसतोड कुटुंबांतील मुलांना, प्राधान्य द्यावे आणि निम्म्या जागा मुलींना देऊन त्यांच्या प्रवासाची व सुरक्षिततेची हमी घ्यावी. पाचवी, काही गावे मिळून पाणी, माती आणि झाडे यांची नोंद ठेवणारे कायम पद शासनाने निर्माण करावे. अनुभवाच्या वाटेने अखेर कोठे तरी पोचता आले पाहिजे.

संस्थाचालक म्हणतील, आमच्याकडे एवढा पैसा नाही. लहान संस्थांची ओढाताण मी जाणतो. परंतु २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करणे बंधनकारक केले आहे. त्या पैशातून खोदयंत्राच्या डिझेलची तरतूद होते, कोनशिलेची होते. मग तरुणाच्या वेतनाचाच रकाना कोरा का राहावा? तरीही पैसा अपुरा पडत असेल तर पन्नासाऐवजी वीसच तरुण घ्यावेत, पण त्यांना पूर्ण मोबदला द्यावा. वेतनाने सेवाभाव मरतो, असेही सांगितले जाते. मी आयुष्यभर वेतन घेऊन शिकवले आणि आता निवृत्तिवेतन घेतो. त्यामुळे माझी विषयावरची निष्ठा उणावली असे अजून कोणी म्हटलेले नाही. हा नियम केवळ गरिबाच्या मुलालाच का लागू व्हावा?

१९७४ साली मराठवाड्यातील विद्यार्थी विकासाच्या आणि रोजगाराच्या मागणीसाठी रस्त्यावर उतरले होते. त्या मागणीतला मोठा भाग अजून पुरा व्हायचा आहे. आपण आरंभ लहान कामापासून करावा. येत्या ग्रामसभेत प्रत्येकाने आपल्या गावातील विहिरींची, बंधाऱ्यांची आणि लावलेल्या झाडांची यादी मागावी. ती नसेल, आणि बहुधा नसेलच, तर ती तयार करण्याचे काम गावच्या पदवीधरांना सवेतन द्यावे असा ठराव मांडावा. एका गावाचा ठराव कागदावर राहील. तालुक्यातील साऱ्या गावांचे ठराव एकत्र आले तर जिल्हाधिकाऱ्यांना त्यांचे उत्तर द्यावे लागेल. ते उत्तर मागायला आपण सर्वांनी मिळून जाऊ.