सणातला मुलांचा वाटा



घरच्या सणांत मुलांना सामावून कसं घ्यावं, या विषयावर मी बोलावं असं संयोजकांनी सुचवलं. सण मोठ्यांचा आणि त्यात मुलांना थोडी जागा करून द्यायची, असं आपण हल्ली धरूनच चालतो. मला ते मान्य नाही. आपल्या वर्षातले कितीतरी दिवस मुलांच्या मालकीचे होते आणि त्या दिवशी मोठी माणसं पाहुण्यासारखी बाजूला बसत.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी खऱ्या बैलांचा मान झालेला असतो. हा दिवस मुलांच्या लाकडी बैलांचा. बैल सजवायचा, तोरणाखाली उभा करायचा आणि मग घरोघर न्यायचा. ज्याच्या दारात बैल येईल त्याने बोजारा द्यायचा, मग तो खाऊ असो की पैसे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही रीत चालत आली असं सांगतात. इकडे दिवाळीत मुलं किल्ला करतात. माती, दगड, चिखलात बुडवलेलं गोणपाट आणि त्यावर पेरलेले अळीव. 2025 साली मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या अंगणांतून दरवर्षी राजगड आणि प्रतापगड उभे राहत होते. बुरूज कुठे, दरवाजा कुठे, पाण्याचं टाकं कुठे, यावरून तासन्‌तास भांडणं चालत. आता बाजारात तयार किल्ला मिळतो. तो आणून ठेवला की भांडायला काही उरत नाही आणि इतिहासाचं पुस्तक उघडायचं कारणही उरत नाही.

भोंडल्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. कुठे हादगा, खानदेशात गुलाबाई, विदर्भात भुलाबाई. नावं आणि दिवस वेगळे, पण कारभार मुलींचाच. पाटावर हत्ती काढायचा, त्याभोवती फेर धरायचा आणि शेवटी खिरापत. खिरापत नुसती वाटत नाहीत, ती ओळखायची असते. झाकलेल्या डब्यात काय आहे हे फक्त त्या घरच्या मुलीला ठाऊक. गोड की तिखट? ओलं की कोरडं? तळलेलं का? डबा हलवून आवाज ऐकवायचा, जवळपास पोहोचलेल्या मैत्रिणीला बोलण्यात गुंतवून भलतीकडे न्यायचं. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत दिवसभर हे गुपित पोटात ठेवते, संध्याकाळी घरच्या यजमानिणीसारखी उभी राहते, कोण हरलं ते जाहीर करते आणि सगळ्यांच्या हातावर खिरापत ठेवते. आईचं काम एवढंच की तिने गप्प राहायचं. आज अनेक सोसायट्यांत भोंडल्याची गाणी स्पीकरवर लागतात आणि खिरापत केटररकडून येते. काय येणार ते व्हॉट्सअ‍ॅपवर आदल्या दिवशीच सगळ्यांना कळलेलं असतं. मला याचं मनापासून वाईट वाटतं. सोय झाली, पण मुलीच्या हातातला कारभार गेला.

आता घरच्या मुलाला सणाच्या दिवशी काय काम असतं पाहा. नवा कुर्ता घालायचा, फोटोला उभं राहायचं, आरतीला टाळ्या वाजवायच्या. आणि चाचणी परीक्षा असली तर आरतीपुरतंच खोलीबाहेर यायचं. ज्यांची मुलं परदेशात आहेत ते सांगतात की तिथे सण शनिवारी-रविवारी मंडळाच्या हॉलमध्ये होतो. तिथला उत्साह खरा असतो, पण मुलं तयार होऊन जातात आणि तयार असलेला सण पाहून परत येतात.

माझं म्हणणं असं आहे की मुलाला असं काम द्यावं, जे त्याने केलं नाही तर सण अडेल. आणि त्याने केलेलं मोडून आपण पुन्हा करू नये.

गणपतीच्या पत्रीचंच घ्या. पूजेत एकवीस पत्री सांगितल्या आहेत. बाजारातल्या जुडीत पुष्कळदा कसलाही पाला बांधलेला असतो आणि तो कुठल्याशा टेकडीवरून ओरबाडलेला असतो. त्यापेक्षा आठ दिवस आधी मुलीच्या हातात यादी द्या. दूर्वा, तुळस, बेल, माका, आघाडा, डाळिंब, जाई, पिंपळ, शमी. तिच्याबरोबर आवारात, शेजाऱ्याच्या बागेत, ओढ्याकाठी फिरा. आघाडा कपड्यांना चिकटून आपली ओळख पटवतो. माका ओलाव्याच्या जागी सापडतो, चुरगाळला की बोटं काळी होतात. धोतरा, रुई आणि कण्हेर मात्र मोठ्यांनीच तोडावीत; ती विषारी आहेत आणि रुईचा चीक डोळ्यांत जाता कामा नये. हे सांगणंही त्या सणाचाच भाग आहे. मग पूजेच्या वेळी तबक तिच्यापुढे ठेवा. गुरुजींनी नाव उच्चारलं की ते पान तिने शोधून काढायचं आणि तिनेच वाहायचं. तिला पान सापडेपर्यंत पूजा थांबेल. थांबू द्या. न मिळालेल्या पत्रीच्या जागी अक्षता चालतात. एकवीसपैकी अकराच मिळाल्या, तर त्या अकरा ती जन्मभर ओळखेल. गोव्यात गणपतीच्या वर फळा-वेलींनी सजवून टांगतात त्या माटोळीसाठी मोठ्यांबरोबर रानात जाणारी मुलं अशीच फळं, कंद, वेली ओळखायला शिकतात.

स्वयंपाकघराच्या दारात मात्र मुलांना अडवलं जातं. नैवेद्य आहे, सोवळं आहे, हात लावू नकोस. सोवळ्याचा आदर मी करते. पण आंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून आलेल्या मुलाला मोदक करू न देण्याचं कारण मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. उकड मळून द्या, बोटांना तेल लावा, पारी कशी पातळ करायची ते एकदा दाखवा. त्याच्या मोदकाला पाच कळ्या येतील, मोदकपात्रात तो फुटेल, सारण बाहेर येईल. तो मोदक नैवेद्याच्या पानात गेला पाहिजे. मुलगा पान वाढताना बघत असतो. आपला मोदक बाजूच्या ताटलीत गेलेला त्याला दिसला, तर पुढच्या वर्षी तो ओट्यापाशी येणार नाही.

श्रावणात आणखी एक काम मुलांकडे सहज देता येतं. कहाणी वाचायची. सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आठवा. महादेवाचा गाभारा दुधाने भरायचा म्हणून राजाने गावातलं सगळं दूध देवळात आणायला लावलं. राजाच्या धाकाने लोकांनी वासरांच्या, पोरांच्या तोंडचं दूध नेऊन ओतलं. गाभारा काही भरेना. एका म्हातारीने घरच्या मुलाबाळांना आणि वासरांना आधी पोटभर दिलं आणि उरलेलं खुलभर दूध नेऊन वाहिलं. गाभारा भरला. ही कहाणी आजीने सांगण्याऐवजी एकदा नातवाने मोठ्याने वाचावी आणि सगळ्यांनी हातात अक्षता घेऊन ऐकावी. शब्द अडतील, अडू द्या. मग तो विचारेल की राजाचं दूध देवाला का चाललं नाही. उत्तर द्यायची घाई करू नका. त्यालाच विचारा, तुला काय वाटतं?

मुलं याहून अवघड प्रश्नही विचारतात. इतके दिवस पूजा केलेला देव पाण्यात का सोडायचा? हा प्रश्न चेष्टेवारी नेऊ नका. मूर्ती मातीची आहे, तिच्यात प्राणप्रतिष्ठा करून आपण देवाला बोलावलं होतं, उत्तरपूजेनंतर मूर्ती जागची हलवून त्याला निरोप दिला, आता माती मातीला परत द्यायची. पाच वर्षांच्या मुलालाही हे कळतं. ते रडलं तर रडू द्या. घरी बादलीत विसर्जन केलं आणि मूर्ती शाडूची असली, तर दुसऱ्या दिवशी बादलीत काय उरलं ते त्याला बघू द्या.

गणपतीपर्यंत थांबायची गरज नाही. आषाढातली अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस, त्याआधी येते. आदल्या संध्याकाळी घरातल्या सगळ्या समया, निरांजनं, लामणदिवे खाली काढा आणि चिंचेचा कोळ मुलांच्या पुढ्यात ठेवा. वाती त्यांनाच वळू द्या, कुठला दिवा कुठे मांडायचा तेही त्यांनाच ठरवू द्या. कणकेचे गोड दिवे उकडा, तुपाबरोबर खायला त्यांना आवडतील. आणि समईच्या खाचेत काळं राहिलेलं दिसलं, तर रात्री मुलं झोपल्यावर ती पुन्हा घासायला घेऊ नका.