सेवेची नोंद कुठे?



आत्ताच आपण एकत्र बसून ‘पिकू’ पाहिला. शूजित सरकार यांचा २०१५ सालचा हा चित्रपट जुही चतुर्वेदी या बाईने लिहिला आहे, हे मुद्दाम सांगते. सत्तरीचे भास्कर बॅनर्जी, त्यांचे बद्धकोष्ठ आणि दिल्लीत वास्तुविशारद म्हणून काम करणारी त्यांची मुलगी. आपण पोटभर हसलो. पण कामाच्या वेळातही बापाच्या पोटाचे निरोप येत राहतात, तेव्हा काहीजणी एकदम गप्प झालेल्या मी पाहिल्या.

हा बाप दुष्ट नाही. मुलीने उगीच लग्न करू नये, असे तो म्हणतो. ऐकायला पुरोगामी वाटते. पण ती गेली तर आपले कोण करणार, ही भीतीही त्यात आहेच. पिकू चिडते, ओरडते. सेवा करणारी मुलगी देवी असावी लागत नाही, हे मला फार आवडले.

मात्र पिकूकडे पगार आहे, घरात बुधन हा गडी आहे. माझ्या ताईकडे यातले काहीच नव्हते.

वडिलांना अर्धांगवायू झाला तेव्हा आई हयात नव्हती. भाऊ नोकरीसाठी परगावी. मी एम.एस.डब्ल्यू. करून संस्थेत लागलेली. ताईने शिवणवर्ग बंद केला. सहा वर्षे तिने त्यांना उठवले, पुसले, भरवले. त्या काळात मी बायकांच्या बिनमोल श्रमांवर शिबिरे घेत होते! घरी गेले की ताईच मला गरम पोळी वाढायची.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीनुसार घरातल्यांची काळजी घेणाऱ्या बाया त्यासाठी दिवसाला सरासरी १३४ मिनिटे देतात, पुरुष ७६. ताईची मिनिटे कोणी मोजली नाहीत.

विवाहित मुलीवरही आईवडिलांच्या पोटगीची जबाबदारी येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली सांगितले. हक्काचे काय? मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत हिंदू मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने समान हक्क देशभर मिळायला मात्र २००५ साल उजाडले. आणि कायद्याने दिलेले आपण हक्कसोडपत्रावर सही करून परत देतो. “भावाशी वाकडेपणा नको, माहेर तुटेल.” वडील गेल्यावर ताईनेही हेच म्हणत सही केली.

सेवा प्रेमाने केली म्हणून ती फुकट ठरत नाही. भावांनीही पाळ्या वाटून घ्याव्यात, आणि ज्या मुलीने आपली कमाई सोडली तिचा विचार वाटणीत आधी व्हावा. ही मागणी आपण मोर्चात करतो, जेवणाच्या ताटावर मात्र करत नाही.

माझी सही अजून बाकी आहे. कागद गेले चार महिने माझ्या कपाटात पडून आहेत. माझा वाटा मी सोडणार आहे, पण भावाच्या नाही, ताईच्या नावे. भावाला अजून सांगितलेले नाही. येत्या रविवारी सांगणार आहे. तुम्हा सगळ्यांसमोर बोलले, आता मागे फिरता येणार नाही.