सभासदत्व आणि आपलेपणा

(न्यासाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली तेव्हा मी प्रथम संकोचलो. व्यवसायाने मी शाळामास्तर. वर्गातून मुलांना उठून जाता येत नाही, म्हणून आम्हां मास्तरांचे बोलणे लांबते. ती सवय आज आवरली पाहिजे. ‘सेवामंडळाचे सभासदत्व’ हा विषय मला नेमून दिला आहे. त्यावर पांडित्य सांगण्याचा माझा अधिकार नाही. आदिलाबादच्या एका सेवामंडळात 2009 सालापासून सभासद म्हणून जे शिकलो, आणि शिकताना जेथे चुकलो, तेवढेच आपल्यापुढे ठेवतो. मंडळाचे किंवा माणसांचे नाव मी घेणार नाही. दोष सांगायचे तर नावे गाळावीत, हेच बरे.

1905 हे साल मोठे विलक्षण. त्या वर्षी 23 फेब्रुवारीला अमेरिकेतील शिकागो शहरात पॉल हॅरिस नावाचा वकील तीन परिचितांसह एकत्र बसला. त्यांतील एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपीकामाचा व्यावसायिक. हॅरिस लहान गावात वाढलेला. मोठ्या शहरात ओळखी पुष्कळ, पण जिवाभावाचे कोणी नाही, हे त्याचे दुःख होते. बैठका आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत भरत, त्या फिरतीवरून ‘रोटरी’ हे नाव पडले. त्याच वर्षी 12 जूनला पुण्यात नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली.

या दोन संस्थांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. गोखल्यांच्या समाजात येणाऱ्याने सात प्रतिज्ञा घ्यायच्या, पाच वर्षे शिक्षण घ्यायचे, स्वतःसाठी पैसा मिळविण्यात शक्ती खर्च करायची नाही. थोडक्यात, आयुष्यच द्यायचे. शिकागोच्या मंडळाने सभासदाकडे मागितला तो आठवड्यातला थोडा वेळ. आपण बहुतेक सारे संसारी माणसे. गोखल्यांची वाट आपल्याला पेलणार नाही. परंतु त्यांच्या सात प्रतिज्ञांपैकी एक अशी आहे की ती संसारी माणसालाही घेता यावी: जातिधर्माचा भेद न करता सर्व देशबांधवांना भाऊ समजेन. ऐकायला सोपी वाटते. प्रत्यक्षात ती किती अवघड आहे, हाच आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

मोठमोठ्या संस्थांनाही ती अवघड गेली. शिकागोच्या मंडळाचे पहिले लोकोपयोगी काम म्हणजे शहरात सार्वजनिक शौचालय व्हावे यासाठी 1907 साली उचललेली चळवळ. किती साधी आणि किती गरजेची गोष्ट! पुढे ही मंडळे जगभर पसरली. रोटरी 1920 सालापर्यंत कलकत्त्यास येऊन पोहोचली होती. 1917 साली मेल्विन जोन्स यांनी सुरू केलेली लायन्स संस्था 1956 साली मुंबईत आली. 1962-63 या वर्षी कलकत्त्याचे नितीश लाहरी रोटरीचे जागतिक अध्यक्ष झाले. पण स्त्रियांना सभासद करून घ्यायला लायन्सला 1987 साल उजाडावे लागले आणि रोटरीला 1989. म्हणजे रोटरीचे ते दार उघडायला चौऱ्याऐंशी वर्षे गेली. सेवा करणाऱ्या सज्जनांनाही आपल्या उंबरठ्यावर कोण उभे आहे ते लवकर दिसत नाही.

आता माझी हकीकत. 2009 साली देशात पोलिओचे 741 रुग्ण नोंदले गेले. त्यांतील बहुतेक उत्तर प्रदेश व बिहार या राज्यांतले. रोग दूर होता, पण शंका आमच्या मोहल्ल्यापर्यंत आली होती. “दहा वेळा डोस झाले, आणखी कशाला? पुढे मुलांना मूलबाळ होणार नाही,” अशी कुजबुज चाले. पल्स पोलिओच्या एका रविवारी मी माझ्या धाकट्या मुलीला चौकात सर्वांसमोर डोस पाजला, आणि मग घरोघर फिरलो. ते एका औषधविक्रेत्या गृहस्थांनी पाहिले. ते सेवामंडळाचे पदाधिकारी. मला म्हणाले, “मास्तर, आमचा शब्द तिथे पोहोचत नाही, तुमचा पोहोचतो. आमच्यात या.” पुढे 13 जानेवारी 2011 या तारखेनंतर नैसर्गिक पोलिओ विषाणूचा रुग्ण देशात आढळला नाही, आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. त्या डोंगराएवढ्या कामात माझा एक खडा होता, याचे समाधान मला जन्मभर पुरेल.

असा मी सभासद झालो. सूचक, अनुमोदक, वर्गणी, कोटाला लावायचे चिन्ह, सारे यथासांग झाले. दर शनिवारी जैनथहून वीसेक किलोमीटर आदिलाबादला जायचे आणि परतीची बस चुकू नये म्हणून जेवणाआधीच उठायचे. आमच्या सभेत प्रस्ताव तेलुगूत, विनोद मराठीत, तक्रार उर्दूत आणि इतिवृत्त इंग्रजीत. पैनगंगेच्या काठच्या माणसाला यात नवल नाही. शनिवारची संध्याकाळ मी मंडळाला दिली असे लोक म्हणतात. खरे पाहता ती माझ्या पत्नीने दिली. मुलांचा अभ्यास आणि आजारी सासूचे औषध तिने सांभाळले, म्हणून मी सेवाभावी ठरलो. सभासदांच्या यादीत घरच्यांचे नाव नसते, पण वर्गणी तेही भरतात.

तीन वर्षे गेली. एका समारंभाला बाहेरून मोठे पाहुणे येणार होते. आदल्या दिवशी अध्यक्षांचा निरोप आला: “मास्तर, उद्या शेरवानी आणि टोपी घालून या. फोटोत सर्व धर्म दिसले पाहिजेत.” मी रोज टोपी घालीत नाही, नमाजाच्या वेळी घालतो. तरी त्या दिवशी घातली. निघताना आईने विचारले, “आज कौनसी ईद है, बाबा?” मला उत्तर देता आले नाही. छायाचित्रात मला मधोमध उभे केले होते. त्या रात्री मी राजीनामा लिहिला. कोणी माझा अपमान केला नव्हता, उलट मानच दिला होता. पण तो मान टोपीला होता, आणि टोपीखाली मीच आहे की दुसरा कोणी, याची कोणाला गरज नव्हती.

राजीनामा खिशातच राहिला, कारण पुढच्याच रविवारी मोतीबिंदूचे शिबिर होते आणि आमच्या भागातील 41 म्हाताऱ्या माणसांची यादी माझ्याकडे होती. आदल्या वर्षी ते शिबिर आम्ही ऐन कापूस वेचणीत ठेवले होते आणि कोणी फिरकले नव्हते. म्हाताऱ्याबरोबर शहरात जाणाऱ्याची मजुरी बुडते, हे आम्हां पगारदारांच्या ध्यानात आले नव्हते. म्हणून यंदा संक्रांतीनंतरचा दिवस धरला होता. त्या 41 जणांना माझ्या टोपीच्या दुःखाशी काय कर्तव्य? मी गेलो.

संध्याकाळी खजिनदारांनी, ते कापडाचे व्यापारी, सर्वांदेखत माझ्यावर आवाज चढविला: “मास्तर, टेम्पोच्या 380 रुपयांची पावती कुठे आहे? शाळेत मुलांना गणित शिकवता ना?” मला राग आला. घरी येऊन उशीखालून राजीनामा काढला, आणि एकदम हसू आले. तीन वर्षांत प्रथमच त्या मंडळाने मला माझ्या कामाबद्दल जाब विचारला होता. पाहुण्याकडे कोणी पावती मागत नाही. पावती मागतात ती घरच्या माणसाकडे. दुसऱ्या दिवशी मी पावती शोधून दिली आणि राजीनामा फाडला. मग अध्यक्षांना भेटून टोपीची गोष्टही सांगितली. ते बराच वेळ गप्प बसले. “आम्हांला वाटले, तुमचा मान होतो,” एवढेच म्हणाले. त्यानंतर मात्र कोणी कधी मला काय घालून यायचे ते सांगितले नाही.

ही कथा येथेच संपवली असती तर माझे नाव चांगले राहिले असते. पण पुढचे सांगणे भाग आहे. काही वर्षांनी मीच एका गोंड तरुणाचे नाव सुचविले. तो बँकेत नोकरीला. त्याच्या स्वागताच्या दिवशीच मी उत्साहाने म्हणालो, “उद्घाटनाला तुमचे गुस्साडीचे पथक आणाल ना?” तो शांतपणे म्हणाला, “सर, गुस्साडी हे आमचे व्रत असते, दिवाळीच्या दिवसांतले. पाहुण्यांच्या स्वागताला नसते. पण मी बँकेत हिशेब पाहतो. तुमच्या मंडळाचा हिशेब दोन वर्षे जुळत नाही, असे ऐकले. ते काम द्याल का?”

मित्रहो, माझी टोपी त्या क्षणी मी त्याच्या डोक्यावर ठेवीत होतो. ज्याला ते टोचले होते, त्यानेच ते दुसऱ्याला टोचावे! मी त्याची क्षमा मागितली. पुढे तो आमचा खजिनदार झाला, आणि आता पावतीसाठी माझ्यावर आवाज तो चढवितो.

आपल्या न्यासाने पंचवीस वर्षे पुरी केली. आता नवी माणसे घ्यावी लागतील, कारण जुन्यांचे गुडघे कुरकुरू लागले आहेत. म्हणून धाकट्या भावाच्या नात्याने तीन गोष्टी सुचवितो. नव्या सभासदाला हारापेक्षा आधी काम द्या, आणि ते त्याच्या हुशारीला साजेसे द्या. मुसलमानाला मोहल्ला, गोंडाला गुडा, आणि बाईला रांगोळी व हळदीकुंकू, अशी वाटणी करू नका. दुसरे, त्याच्याकडून हिशेब मागा आणि आपलाही त्याला दाखवा. तिसरे, कोणी न बोलता येईनासा झाला तर त्याच्या घरी जा. माझ्या उशीखाली होता तसा एखादा कागद त्याच्याही उशीखाली असेल.

आणि जो नव्याने येईल त्यालाही एक सांगणे आहे. आपलेपणा दारातच मिळत नाही, आणि न मिळाला म्हणून पहिल्या वर्षी परत फिरू नये. जे मनाला लागले ते बोलावे, पण हातातली यादी पुरी करून मग बोलावे.

असो. न्यासाचा सुवर्णमहोत्सव आपण सर्वांनी मिळून पाहावा, अशी परवरदिगाराजवळ प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.